गाडीचा इंधनखर्च कमी कसा करावा आणि इंधन कधी बदलावे

पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्या माणसाला सगळे विचारतात तो प्रश्न म्हणजे ‘ॲव्हरेज किती देते?’, आणि तोही बहुधा विक्रेत्याने सांगितलेला आकडा पुढे करतो. तो आकडा खोटा नसतो, पण तो रस्त्यावरचाही नसतो. भारतात गाड्यांचे प्रमाणित मायलेज पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थांमध्ये मोजले जाते. तेथे गाडी रोलरवर चढवून, एसी बंद ठेवून, आधीच ठरलेल्या वेगक्रमानुसार चालवली जाते आणि त्या क्रमातला कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो. त्यात ना संध्याकाळची कोंडी असते, ना खंडाळ्याचा चढ, ना डिकीत भरलेले सामान. दोन मॉडेलांची आपापसांत तुलना करण्यासाठी हा आकडा चांगला आहे. महिन्याच्या खर्चाचा अंदाज मात्र त्यावर बांधू नये.

आधी स्वतःच्या गाडीचे माप घ्यावे

त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरून घ्यावी, ट्रिप मीटर शून्यावर आणावा आणि नेहमीसारखी गाडी चालवावी. टाकी पाव भाग उरली की शक्यतो त्याच पंपावर, पुन्हा नोझल बंद होईपर्यंत इंधन भरावे. चाललेल्या किलोमीटरना या वेळी भरलेल्या लिटरनी भागले की खरे मायलेज मिळते. प्रत्येक नोझल किंचित वेगळ्या पातळीला बंद होत असल्यामुळे एका भरणीचा हिशेब थोडा मागेपुढे होतो; म्हणून तीन-चार भरण्यांचे किलोमीटर आणि लिटर एकत्र करून भागाकार करावा. नोझल थांबल्यावर रक्कम पूर्णांकात आणण्यासाठी आणखी थोडे पेट्रोल कोंबण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. तिने माप तर बिघडतेच, शिवाय इंधनाची वाफ शोषून घेणाऱ्या डब्यात द्रव पेट्रोल जाऊन तो खराब होऊ शकतो.

डॅशबोर्डवर दिसणारे सरासरी मायलेज हा संगणकाचा अंदाज असतो आणि तो बरेचदा गाडीच्या बाजूने झुकलेला असतो. आजचे चालवणे कालच्यापेक्षा बरे होते की वाईट, एवढे समजून घेण्यासाठी तो पुरेसा आहे. पैशांचा हिशेब मात्र पंपाच्या पावतीवरूनच करावा.

माप हाती आल्यावर ते उलटे करूनही पाहावे, म्हणजे १०० किलोमीटरला किती लिटर लागतात ते काढावे. लिटरला १० किलोमीटर देणारी गाडी १२ देऊ लागली, तर १०० किलोमीटरमागे सुमारे १.७ लिटर वाचतात. २० देणारी गाडी २४ देऊ लागली, तर प्रमाण तेवढेच वाढूनही बचत जेमतेम ०.८ लिटरची होते. घरात दोन गाड्या असतील तर सुधारणेचे श्रम आधी जास्त पिणाऱ्या गाडीवर का खर्च करावेत, हे या आकड्यांवरून दिसते.

सर्वांत मोठी बचत उजव्या पायात आहे

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार धसमुसळे चालवणे, म्हणजे झटक्यात वेग घेणे आणि झटक्यात ब्रेक मारणे, महामार्गावर १५ ते ३० टक्के आणि थांबत-चालत जाणाऱ्या वाहतुकीत १० ते ४० टक्के मायलेज खाऊन टाकते. गाडीच्या कोणत्याही सुट्या भागात एवढी बचत दडलेली नाही. कारण सरळ आहे. गाडीला वेग देण्यासाठी जाळलेले इंधन ब्रेक दाबताक्षणी उष्णता होऊन निघून जाते. म्हणून ब्रेक जितका कमी वापरावा लागेल तितके इंधन वाचते, आणि ब्रेक कमी लागण्यासाठी पुढच्या गाडीपासून अंतर ठेवून दूरवर पाहत चालवावे लागते. सिग्नल लाल दिसत असेल तर त्याच्यापर्यंत धावत जाण्यात अर्थ नाही. पाय अगोदरच उचलावा आणि गाडी गिअरमध्येच ठेवून आपोआप मंद होऊ द्यावी.

गिअरमध्येच ठेवावी यावर भर देण्याचे कारण असे, की इंधन इंजेक्शन असलेल्या आजच्या इंजिनात ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला आणि इंजिनाचे फेरे पुरेसे असले की संगणक इंधनाचा पुरवठाच थांबवतो. त्या वेळी चाके इंजिनाला फिरवत असतात. याउलट गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, तर इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला थोडे का होईना, पेट्रोल द्यावेच लागते. उताराला न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचते ही समजूत इंजेक्शनपूर्वीच्या, म्हणजे कार्बुरेटरच्या काळातली आहे आणि ती अजूनही अनेक जण शिकाऊ चालकांना सांगतात. घाटात तर हा प्रकार धोक्याचा आहे, कारण न्यूट्रलमध्ये इंजिनाची पकड सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो आणि लांब उतारावर ब्रेक तापून त्यांची ताकद कमी होते. घाट चढायला जो गिअर लागतो साधारण त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही योग्य आहे. उतारावर इंजिन बंद करणे तर कदापि करू नये. ब्रेकला आणि स्टिअरिंगला मिळणारी मदत थांबते आणि किल्ली चुकून लॉकपर्यंत मागे फिरून निघाली तर स्टिअरिंग जागीच अडकू शकते.

वेग घेताना पेट्रोल गाडीत मिनिटाला साधारण २,००० फेऱ्यांच्या आसपास, डिझेलमध्ये त्याहून थोडे आधी वरचा गिअर टाकावा. पण चढावर किंवा गाडी भरलेली असताना इंजिन धडधडू लागले, तर हट्टाने वरच्या गिअरमध्ये राहू नये. क्लचवर पाय ठेवून चालवण्याची सवय, आणि चढावरच्या कोंडीत हाफ क्लचवर गाडी तोलून धरण्याची सवय, इंधनापेक्षा क्लच प्लेटचा खर्च अधिक वाढवते. तेथे हँडब्रेक वापरावा.

उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवले तर लहान पेट्रोल गाडीही तासाला अर्धा ते एक लिटर पिते आणि एसी चालू असेल तर हा आकडा वरच्या टोकाकडे सरकतो. लांब सिग्नल, रेल्वेचे फाटक, शाळेबाहेरची वाट पाहणे, या ठिकाणी इंजिन बंद करावे. चालू करताना जास्त पेट्रोल जाते ही भीतीही जुन्याच काळातली आहे. इंजेक्शनच्या इंजिनात दहा-पंधरा सेकंदांहून अधिक थांबायचे असेल तर बंद करणेच स्वस्त पडते.

महामार्गावर वेगळे गणित लागू होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ८० वरून १०० वर गेले की तो सुमारे ५६ टक्क्यांनी वाढतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जवळपास ९४ किलोमीटरचा आहे. तो सगळा सपाट आणि मोकळा मानला तरी १०० ऐवजी ८० ने गेल्यावर कागदावर १४ मिनिटे जास्त लागतात. घाटात सर्वांनाच हळू जावे लागत असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. ८० ने जायचे असेल तर डाव्या बाजूची मार्गिका धरावी. उजव्या मार्गिकेत रेंगाळून इंधन वाचवणारा माणूस मागच्या सगळ्यांचे इंधन वाया घालवतो. टपावरचा कॅरिअर किंवा सामानाची पेटी याच हवेच्या विरोधामुळे महाग पडते, म्हणून गावाहून परतल्यावर ती उतरवून ठेवावी. एसीबद्दलचा वादही यातूनच सुटतो. शहरातल्या कमी वेगात खिडक्या उघडणे स्वस्त, महामार्गावरच्या वेगात काचा बंद करून एसी लावणे बरे. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत बसल्यावर पहिली दोन मिनिटे काचा खाली ठेवून गरम हवा बाहेर जाऊ द्यावी आणि मग एसी लावावा.

देखभाल : काय खरे, काय ऐकीव

चाकांतल्या हवेचे महत्त्व खरे आहे, पण ते मायलेजच्या बाबतीत फुगवून सांगितले जाते. चारही चाकांत १ पीएसआय दाब कमी असेल तर मायलेज सुमारे ०.२ टक्के घटते, असे त्याच ऊर्जा विभागाचे म्हणणे आहे. म्हणजे ५ पीएसआय कमी हवेने १ टक्क्याचा फरक पडतो. तरीही दाब महिन्यातून एकदा तपासावा, कारण कमी हवेचा टायर कडेने झिजतो, तापतो आणि भर वेगात फुटू शकतो. योग्य दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेला असतो. टायरवर छापलेला आकडा हा त्या टायरचा कमाल दाब असतो, गाडीसाठी सुचवलेला नव्हे. दाब टायर थंड असताना, म्हणजे गाडी फार चाललेली नसताना पाहावा. नायट्रोजनसाठी जादा पैसे मोजण्याची गरज नाही; साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच इंजिन ऑइल घालावे. पुस्तिकेत पातळ तेल सांगितले असताना ‘आपल्या उन्हाळ्याला जाड तेल बरे’ म्हणून कोणी दुसरे घालत असेल तर त्याला थांबवावे, कारण त्याने घर्षण वाढून एक-दोन टक्के मायलेज जाते. गाडी चालवून आल्यावर एखाद्या चाकाची रिम इतरांपेक्षा बरीच गरम लागत असेल तर त्या चाकाचा ब्रेक चिकटत असावा. पिवळा इंजिनाचा दिवा पेटला असेल तर ‘गाडी तर नीट चालते’ म्हणून दुर्लक्ष करू नये. ऑक्सिजन सेन्सर बिघडल्यावर गाडी चालतेच, फक्त जास्त पिते. एअर फिल्टर धुळीने भरला की मायलेज पडते हेही कार्बुरेटरच्या काळाइतके खरे राहिलेले नाही. आत हवा कमी आली की संगणक इंधनही कमी करतो, त्यामुळे गाडीची ओढ कमी होते, मायलेज मात्र फारसे हलत नाही. इंजिन टिकावे म्हणून फिल्टर बदलावा.

जास्त ऑक्टेनचे महागडे पेट्रोल पुस्तिकेत सांगितले नसेल तर त्यापासून लाभ नाही. पेट्रोलच्या नळीवर लावायची चुंबके आणि टाकीत टाकायच्या गोळ्या यांच्यावर एक रुपयाही खर्च करू नये. सकाळी पेट्रोल थंड असल्यामुळे जास्त मिळते ही गोष्टही सोडून द्यावी, कारण पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिच्यातले तापमान दिवसभरात फारसे बदलत नाही. भरणीबद्दल शंका असेल तर पंपावर ५ लिटरचे प्रमाणित माप मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. तो वापरावा.

इ-२० : मायलेज पडल्यासारखे का वाटते

गेल्या काही वर्षांत ‘गाडी तीच, पण ॲव्हरेज कमी झाले’ ही तक्रार वाढली आहे आणि ती केवळ मनाचा खेळ नाही. आपल्याकडे फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, म्हणजेच इ-२०, टप्प्याटप्प्याने विक्रीस आले आणि २०२५ पर्यंत ते देशभर नेहमीचे पेट्रोल होऊन बसले. या इथेनॉलचा काही वाटा महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आसवनी प्रकल्पांतून येतो, त्यामुळे कोल्हापूर-सोलापूरकडच्या ऊस उत्पादकाला या विषयाची दुसरी बाजूही ठाऊक असते. गाडीपुरते पाहायचे तर एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. त्यामुळे २० टक्के मिश्रणात निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत जवळपास ७ टक्के ऊर्जा कमी भरते, आणि आधीच्या १० टक्के मिश्रणाच्या तुलनेत साडेतीन टक्क्यांच्या आसपास. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही साध्या पेट्रोलसाठी बनवून १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींत ६ ते ७ टक्के, तर १० टक्क्यांसाठी बनवून २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाड्यांत १ ते २ टक्के घट अपेक्षित धरली होती.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की पूर्वी १५ देणारी गाडी आता साडेचौदाच्या आसपास देत असेल तर गॅरेजमध्ये धाव घेण्याचे कारण नाही. ती बारावर आली असेल तर मात्र दोष इथेनॉलवर न ढकलता गाडी तपासून घ्यावी. एप्रिल २०२३ पूर्वीची गाडी असेल तर पुस्तिकेत किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतील पट्टीवर कोणते मिश्रण चालते ते पाहावे. फार जुन्या गाड्यांत रबरी नळ्या आणि सील यांवर इथेनॉलचा परिणाम होऊ शकतो; सर्व्हिसिंगच्या वेळी ते भाग तपासायला आवर्जून सांगावे. इथेनॉल पाणी शोषून घेते, म्हणून पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नये. भरलेल्या टाकीत दमट हवेला जागा कमी मिळते. काही पंपांवर आता जवळपास निव्वळ इथेनॉल असलेले इंधनही मिळते. ते केवळ फ्लेक्स-फ्युएल, म्हणजे पेट्रोल आणि इथेनॉल कोणत्याही प्रमाणात चालणाऱ्या गाड्यांसाठी आहे, साध्या गाडीत भरू नये.

फ्लेक्स-फ्युएल गाड्या ब्राझीलमध्ये २००३ पासून विकल्या जातात आणि तेथील चालकांनी पंपावर वापरायचा एक सोपा नियम तयार केला आहे. इथेनॉलचा लिटरचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांहून कमी असेल तर इथेनॉल भरायचे, नाहीतर पेट्रोल. अशा गाड्या आपल्याकडे रुळल्या तर हाच हिशेब आपल्यालाही करावा लागेल.

इंधन बदलण्यापूर्वी : रुपये प्रति किलोमीटर

पेट्रोल लिटरमध्ये, सीएनजी किलोमध्ये आणि वीज युनिटमध्ये मोजली जाते. त्यामुळे ‘सीएनजीवर ॲव्हरेज जास्त’ हे वाक्य फारसे काही सांगत नाही, कारण एक किलो सीएनजीत मुळातच एक लिटर पेट्रोलपेक्षा बरीच जास्त ऊर्जा असते. तुलना एकाच मापाने करावी : एका किलोमीटरला किती रुपये.

पुढील आकडे हिशेबाची रीत दाखवण्यासाठी धरलेले आहेत. त्यांच्या जागी आपल्या शहरातले भाव घालावेत. पेट्रोल १०५ रुपये आणि गाडी १५ देणारी, तर किलोमीटरला ७ रुपये. सीएनजी ८० रुपये आणि किलोला २२ किलोमीटर, तर ३ रुपये ६४ पैसे. बचत ३ रुपये ३६ पैशांची. कंपनीच्या सीएनजी मॉडेलसाठी ९५,००० रुपये जास्त मोजले असतील, तर ते सुमारे २८,००० किलोमीटरनंतर फिटतात. महिन्याला १,२०० किलोमीटर फिरणाऱ्याला त्यासाठी दोन वर्षे लागतील, आणि रविवारी बाजारात व सणाला गावी एवढेच फिरणाऱ्याला सात-आठ वर्षेही पुरणार नाहीत. हा भागाकार न करता केवळ पंपावरचा भाव पाहून सीएनजी घेणारे खूप आहेत.

सीएनजीचे रोजचे व्यवहारही ध्यानात घ्यावेत. टाकीत वायू सुमारे २०० बार दाबाने भरला जातो, सिलिंडर डिकीची बरीच जागा घेतो, चढावर ओढ थोडी कमी जाणवते आणि पंपावर रांग असते. मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात पंप मुबलक आहेत. आपल्या गावच्या वाटेवर ते कोठे आहेत हे घेण्याआधी पाहावे. बहुतेक गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग सीएनजीवर जातात, म्हणून पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नये. बाहेरून किट बसवायचे असेल तर मान्यताप्राप्त किट, अधिकृत केंद्र, आरसीवर आरटीओची नोंद आणि विमा कंपनीला लेखी कळवणे, या चारही गोष्टी पूर्ण कराव्यात; नोंद नसलेल्या किटमुळे अपघातानंतरचा दावा अडकू शकतो. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने केलेली चाचणी) दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते. जुनी सीएनजी गाडी विकत घेताना आरसीइतकेच या चाचणीचे प्रमाणपत्रही बारकाईने पाहावे.

इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या हायब्रिड गाडीला चार्जर लागत नाही. ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा ती बॅटरीत साठवते, त्यामुळे तिचा खरा फायदा शहरातल्या कोंडीत होतो. सतत महामार्गावर फिरणाऱ्याला तो बराच कमी मिळतो. ‘माइल्ड’ हायब्रिड मात्र केवळ विजेवर चालत नाही. नावातल्या साम्यावर जाऊन तिच्याकडून तेवढ्याच बचतीची अपेक्षा ठेवू नये.

इलेक्ट्रिक गाडीचा हिशेब विजेच्या बिलापासून सुरू होतो. चार्जिंगमधली गळती धरून एका युनिटला ६ किलोमीटर आणि दर ८ रुपये मानला, तर किलोमीटरला १ रुपया ३३ पैसे पडतात. पण आपल्याकडे घरगुती विजेचा दर युनिट वाढतील तसा टप्प्याटप्प्याने चढतो. गाडीमुळे बिल वरच्या टप्प्यात गेले आणि ती युनिटे १५ रुपयांना पडली, तर खर्च अडीच रुपये होतो. रस्त्यावरच्या जलद चार्जरवर २० रुपये दर असेल तर ३ रुपये ३३ पैसे, म्हणजे सीएनजीच्या जवळपास. म्हणून ज्याला घरी चार्ज करता येते त्याच्यासाठी ही गाडी फार स्वस्त, आणि ज्याला नेहमी बाहेरच चार्ज करावी लागते त्याच्यासाठी फायदा पातळ. घाट उतरताना मोटर जनित्राचे काम करून थोडी वीज परत भरते हे खरे आहे, पण चढताना खर्च झालेली सगळी परत येत नाही. जाहीर केलेल्या रेंजमधून, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी जाईल त्या अंतरातून, महामार्गाच्या वेगासाठी एक तृतीयांश वजा करून प्रवास आखावा.

बायोडिझेल आणि हायड्रोजन यांचा विचार सामान्य खरेदीदाराने आज करण्याची गरज नाही. शेण, प्रेसमड (साखर कारखान्यातला गाळ) आणि ओल्या कचऱ्यापासून बनणारा शुद्ध केलेला बायोगॅस हा मिथेनच असल्यामुळे सीएनजीच्या गाडीत कोणताही बदल न करता चालतो.

इलेक्ट्रिक गाडी नोंदवण्यापूर्वी विक्रेत्याकडे जाण्याआधी सोसायटीच्या कार्यालयात जावे. आपल्या पार्किंगपर्यंत स्वतःच्या मीटरमधून तार आणता येईल का, इमारतीचा मंजूर भार पुरेसा आहे का, हे लेखी मिळवावे. ३० युनिटची बॅटरी ३.३ किलोवॅटच्या साध्या चार्जरवर पूर्ण भरायला दहा तास लागतात; ते दहा तास रोज रात्री आपल्या जागेवर मिळणार नसतील, तर तूर्त पेट्रोलची किंवा सीएनजीची गाडीच पाहावी.